माथ्यावरचा दगड

पॉलचा मला हेवा वाटतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला बरोबर ओळखल्याचा आव आणायला नको. त्रेसष्ट वर्षांचा झालो, गुडघे गेले, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण हेवा अजून ठणठणीत आहे.

पॉल म्हणजे निवृत्त कर्नल पॉल कोरिया, राहणार ठाणे. मी निवृत्त मेजर विश्राम टिपणीस, राहणार डोंबिवली पूर्व. आम्ही एकाच दिवशी खांद्यावर तारे लावले, एकाच पलटणीत गेलो आणि नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात एकाच डोंगरावर लढलो. तो अल्फा कंपनीचा कमांडर होता, मी चार्लीचा. त्याला शौर्यपदक मिळालं. मला एक दगड मिळाला.

दगडाचं सांगतो. आमच्या पलटणीत एक जुनी रीत आहे. लढाईत जी कंपनी आधी माथ्यावर पोचेल, तिने माथ्यावरचा एक दगड खाली आणायचा. मेसमध्ये शेकोटीच्या वर एक फळी आहे, तिच्यावर तो ठेवतात आणि पांढऱ्या रंगाने कंपनीचं नाव घालतात. पासष्टचा एक आहे, एकाहत्तरचे दोन आहेत. नवा अधिकारी आला की त्याला आधी ती फळी दाखवतात, मग त्याची खोली. नव्व्याण्णवचा दगड माझ्या चार्लीचा आहे. पण मेस पडली तिकडे दूर छावणीत, डोंबिवलीत तो कुणाला दिसणार? पदक छातीवर लावून गावभर हिंडता येतं.

यंदा सव्वीस जानेवारीला ठाकुर्लीच्या एका शाळेत झेंडावंदनाला पॉल प्रमुख पाहुणा होता. शाळा माझ्या घरापासून चालत बारा मिनिटांवर, आणि पाहुणा आणला ठाण्याहून. मला दुसऱ्या रांगेत खुर्ची दिली होती. कार्यक्रम सुरू झाल्यावर एक शिक्षक वाकून कानाशी आले आणि म्हणाले, "काका, जरा डावीकडे सरकता का? पॉल सरांच्या फोटोत तुमचं डोकं येतंय."

सरकलो. काय करणार?

पॉल बोलायला उभा राहिला. त्याचं भाषण मला पाठ आहे, कारण त्यात भाषण नसतंच. तो नुसती अकरा नावं घेतो. कागद नाही, चष्मा नाही. अकरा नावं, अकरा गावं. शेवटचं नाव घेतो रोहिदास भोईर, विठ्ठलवाडी, म्हणजे अगदी आपल्या शेजारचा, आणि मग खाली बसतो.  बायका पदर डोळ्यांना लावतात. ही अकरा पोरं करवतीवर त्याच्या हाताखाली मेली.

करवत हे त्या डोंगराचं आम्ही ठेवलेलं नाव. त्याच डोंगरावर मीही गेलो होतो. शहाण्णव माणसं घेऊन गेलो आणि शहाण्णव घेऊन आलो. एकाच्या खांद्यात लोखंडाचा तुकडा घुसला, दोघांचे पाय मुरगळले, बस. आता मी कुठली नावं घेऊ? शहाण्णव जिवंत माणसांची नावं घ्यायला लागलो तर पोरं विसाव्या नावालाच जांभया देतील.

घरी आल्यावर मी चडफडत बूट काढत होतो. मंदाकिनी, माझी बायको, चहा ठेवत म्हणाली, "अहो, इतकं मनाला लागतं तर तेव्हाच दोन-चार माणसं गमावून यायचं होतं!"

ती थट्टेनेच म्हणाली. पण मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही, कारण हे तर मला आमच्या सीओंनीच सुनावलं होतं. सीओ म्हणजे अख्ख्या पलटणीचे कमांडर. लढाई संपल्यावर पदकांच्या शिफारशी लिहायला बसले तेव्हा मला बोलावून म्हणाले, "विश्राम, तुझ्या हल्ल्यात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही रे. वर वाचणारे म्हणतील, एकही मेला नाही, म्हणजे शत्रू पळून गेला असेल." शत्रू पळाला नव्हता. आम्ही पाठीमागून वर आलो तेव्हा त्याच्या दोन्ही मशीनगन्स अल्फाच्या दिशेने तोंड करून बसल्या होत्या. त्या फिरवायला त्याला वेळच मिळाला नाही. पण कागदावर ते सोपं दिसतं. आमच्याकडे रक्त सांडल्याशिवाय शौर्य मोजतच नाहीत. दोन हजार चारला वीस वर्षं भरली, तसे मी निवृत्तीचे कागद टाकले आणि डोंबिवलीला येऊन एका कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी धरली.

आणि सगळ्यात जिव्हारी लागतं ते वेगळंच. पॉल दरवर्षी त्या अकराही घरी जातो. सातारा, कोल्हापूर, बीड, जिथे असेल तिथे, स्वतःच्या गाडीने. विठ्ठलवाडीला तर नेमका अठरा जूनला, त्या तारखेलाच. त्या म्हाताऱ्या आया त्याला लेक म्हणतात. त्याची बायको अ‍ॅग्नेस त्यांना केक पाठवते, त्या अ‍ॅग्नेसला कुरडया पाठवतात. त्याच्या हाताखाली ज्यांची पोरं गेली, त्या त्याच्यावर माया करतात. माझे शहाण्णव जिवंत आले, त्यांच्या आयांना माझं नावही माहीत नाही. का असावं? पोरगं घरी आलं, जेवलं, लग्न केलं. दिवाळीला मला एक फोन करत नाही.

तर अशा माणसाच्या दारात मार्चमध्ये एक मुलगी आली.

ऋजुता तिचं नाव. इथलीच, अठ्ठावीसेक वर्षांची, पीएच.डी. करत होती. विषय ऐकून मी तिला आधी पंख्याखाली बसवलं. आजच्या लढायांमध्ये काही फौजांची माणसं जास्त का मरतात आणि काहींची कमी का, हा तिचा विषय. बाहेरच्या देशांची दोन ताजी युद्धं तिने अभ्यासली होती, आणि आपल्याकडचं एक उदाहरण तिला हवं होतं.

"सर, तुमची केस मला कुठेच मिळणार नाही अशी आहे," ती म्हणाली. "डोंगर तोच, शत्रू तोच, पलटण तीच, हत्यारं तीच. फक्त एका दिवसाचा फरक. आणि एका कंपनीचे अकरा गेले, सव्वीस जखमी, दुसरीचा एकही गेला नाही. असं का?"

सव्वीस वर्षं या प्रश्नाची मी वाट बघत होतो. मंदाकिनीला सांगून तिच्यासाठी थालीपीठ लावायला लावलं, आणि टेबलावर डबे, चमचे मांडून करवत उभी केली.

समोरून एक उघडी धार माथ्यापर्यंत जाते. सीओंचा बेत असा, की अल्फाने रात्री नऊला धारेवरून चढायला लागायचं आणि उजाडायच्या आत माथा गाठायचा. पॉल हो म्हणाला. वाटेत बर्फ लागलं, उशीर झाला, आणि सूर्य वर आला तेव्हा अल्फा माथ्याच्या दोनशे मीटर खाली उघड्यावर होती. मागे फिरायला वाट नाही, पुढे दोन मशीनगन्स. पॉलला कोपरात गोळी लागली, तो हात अजून सरळ होत नाही. तशाच हाताने त्याने दिवसभर कंपनी तिथे धरून ठेवली.

"त्याचं मला कौतुकच आहे," मी म्हणालो, आणि ते वाक्य माझ्या तोंडून कसं आलं ते मंदाकिनीने स्वयंपाकघरातून ऐकलं. ती खोकली.

"पण," मी पुढे म्हणालो, "दिवसभर मार खाणं म्हणजे लढणं नव्हे. एक दिवस थांबा, दुसरी वाट शोधू, असं त्याने सीओंना म्हणायला हवं होतं. आमच्याकडे थांबू या म्हणणाऱ्याकडे लोक असे बघतात, की जणू त्याने बांगड्याच भरल्या. त्या नजरेला घाबरून अकरा जण गेले. मी मात्र वाट शोधली." चमचे बाजूला करून मी डोंगराची मागची बाजू दाखवली. आपल्या सह्याद्रीत जिला नाळ म्हणतात तशी, दोन कड्यांमधली एक अरुंद घळ तिथे होती. माझ्या गस्तीने ती शोधली. तीन ठिकाणी दोर लावावे लागले. अठरा तारखेच्या रात्री आम्ही तिच्यातून एकेक करून वर सरकलो, आणि एकोणीसला पहाटे माथा आमचा होता.

ऋजुता भराभर लिहीत होती. मग तिने पेन थांबवलं.

"सर, माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. मी ज्या लढाया बघितल्या ना, त्यांत वाट, हत्यार, ट्रेनिंग हे सगळं मॅटर करतंच. पण सगळ्यात जास्त फरक एका गोष्टीने पडतो. एखाद्याला काहीतरी कळलं, तर ते शेजारच्या तुकडीला कळायला किती तास लागतात? ज्या फौजांत अधिकारी एकमेकांपासून गोष्टी दाबून ठेवतात, तिथे माणसं दुपटीने मरतात. ड्रोन असोत नाहीतर काही असो. म्हणून मला तुमच्याकडून तासांचा हिशोब हवाय. नाळ कधी सापडली, आणि सीओंना कधी सांगितलं?"

"अठराला सकाळी सापडली," मी म्हणालो. "अल्फा वर अडकली होती तेव्हा. दुपारी दोनला सांगितलं."

"म्हणजे जवळजवळ लगेच! परफेक्ट. याची काही नोंद आहे? डायरी वगैरे?"

"आहे. शोधून ठेवतो."

ती गेली, आणि मी कपाटासमोर उभा राहिलो. डायरी शोधायची गरज नव्हती. ती कुठे आहे ते मला सव्वीस वर्षं माहीत होतं.

आता खरं सांगतो. विसरलो होतो असं म्हणणार नाही, कारण अशी गोष्ट माणूस विसरत नाही, फक्त तिच्यावर इतर सामान रचत जातो. खाकी पुठ्ठ्याची ती डायरी उघडली. सतरा जूनचं पान. माझंच अक्षर, शिसपेन्सिलीचं.

सकाळी ०७४०. गस्त परतली. नाळ माथ्यापर्यंत जाते. दोर तीन ठिकाणी. शोध चार्लीचा. सीओंना उद्या.

सतरा. अठरा नव्हे. अल्फा चढायला लागली त्याच्या तेरा तास आधी मला ती वाट माहीत होती.

सीओंना लगेच सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मी तेव्हाच ताडलं होतं. हल्ला एक दिवस पुढे गेला असता आणि नाळेतून अल्फाला पाठवलं असतं, कारण तो मान अल्फाला आधीच दिलेला होता. पॉल माथ्यावर पोचला असता. फळीवर अल्फाचा दगड बसला असता, आणि वाट शोधणाऱ्या चार्लीला मागे राखीव म्हणून बसवून ठेवलं असतं. अकादमीत असल्यापासून असंच चाललं होतं. दोर मी वळायचा आणि चढायचा पॉलने. मी स्वतःशी म्हणालो, अल्फा समोरून जाऊ दे, तिला जमणार नाही, ती परत येईल. मग मी नाळ काढीन. ती परत येईल, एवढंच मी धरलं होतं. ती वर अडकेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. गस्तीतला हवालदार एकटाच माथ्यापर्यंत जाऊन आला होता; त्याला सांगितलं की अजून एकदा खात्री करून घेऊ, तोवर तोंड बंद. हवालदार चांगला होता, त्याने तोंड बंद ठेवलं. दोन हजार बाराला तो वारला. आता ती तारीख फक्त त्या डायरीत उरली होती.

आणि ती लिहिली का? कारण उद्या कुणी म्हणायला नको की नाळ अल्फाने शोधली. श्रेय हातचं जाऊ नये म्हणून मिनिटापर्यंत वेळ टाकून ठेवली.

ऋजुताच्या पुस्तकात माझं नाव यायचं होतं. माणसं वाचवणारा अधिकारी म्हणून, पॉलच्या बरोबरीने नव्हे, त्याच्या वर. हे मला हवं होतं, इतकं हवं होतं की लाज वाटावी. मी डायरी घेऊन स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो आणि अठरा जूनपासून पुढची पानं काढून आणली. सतराचं पान राहू दिलं.

झेरॉक्स घेऊन ती खूश झाली. जूनमध्ये तिचा फोन आला. "सर, अठराला पॉल सर विठ्ठलवाडीला भोईरांकडे जातायत. तुम्हीही या ना. दोघांना एकत्र रेकॉर्ड करायचंय. आणि ती ओरिजिनल डायरी आणाल? कव्हरचा फोटो हवाय."

मी हो म्हणालो. सव्वीस वर्षांत त्या घरी मला कुणी बोलावलं नव्हतं. पॉल त्या माऊलीसमोर कसा बसतो, ते मला एकदा बघायचंच होतं. आकडे समोर असताना कसा बसतो ते.

अठराला सकाळी पॉल शीळफाट्यावरून गाडी काढत डोंबिवलीला आला. मागच्या सीटवर अ‍ॅग्नेसचा केक. डायरी माझ्या पिशवीत. पत्री पुलावर नेहमीसारखे अडकलो, तेव्हा तो वाकड्या हाताने स्टिअरिंग धरून म्हणाला, "बरं झालं आलास रे. मी दरवर्षी मनात म्हणतो, विश्रामला आणायला पाहिजे."

"मग आणलं का नाहीस?"

"तू येशील असं वाटलं नाही," तो म्हणाला. मला राग आला, कारण ते खरं होतं.

विठ्ठलवाडीला स्टेशनच्या मागे भोईरांचं बैठं घर आहे, आजूबाजूला इमारती उभ्या राहिल्या तरी तसंच राहिलेलं. ऋजुता आधीच येऊन बसली होती. भिंतीवर रोहिदासचा गणवेशातला फोटो, ताजा हार. फोटोखाली एक ताट वाढलेलं. तांदळाची भाकरी, सुका जवळा, कांदा. त्याला आवडायचं तेच दर अठरा जूनला करतात. त्याची आई चांगुणाबाई, पंचाहत्तरीची, सडपातळ, चुलीपाशी होती. पॉल आत शिरला तसा तिने त्याच्या वाकड्या कोपरावर हात फिरवला, लहान पोराचं खरचटलेलं बघावं तसा. मला ते बघवेना.

"ह्यो सायेब कोन?" तिने विचारलं.

"मावशी, हाच तो विश्राम," पॉल म्हणाला.

म्हातारी जागच्या जागी थांबली. हात पदराला पुसले. मग माझ्यासमोर येऊन तिने दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरून उतरवून घेतलं आणि कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"तुमीच का ते? सगली पोरं परत आनली, एक पन सोरला नाय, ते?"

 मी पॉलकडे बघितलं. तो बूट काढत होता.

"ह्यो दरसाल सांगतो मना," ती म्हणाली. "हितंच बसतो नि सांगतो. मावशी, माजी चूक झाली, मी थांबाया पायजे व्हतं. विश्राम माज्यापेक्षा लय हुशार. तुजा पोऱ्या त्याचे हाताखाली असता तर आज हितं बसून जेवला असता."

"अकराही घरी हेच सांगतो तो," ऋजुता हळूच म्हणाली. "मी सहा घरी जाऊन आलेय, सर. सगळीकडे तुमचं नाव माहितीये."

जे शब्द सीओंनी लिहिले नाहीत, जे कुठल्या शाळेत कुणी बोललं नाही, ते पॉल सव्वीस वर्षं त्या घरांत बसून सांगत होता. मला पाहिजे होतं ते सगळं मला मिळालेलं होतं, फक्त मला कळवलं नव्हतं. आणि खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. अगदी लख्ख आनंद. दुसऱ्या क्षणी त्याचा हेवा वाटला. माजी चूक झाली असं म्हणून हा माणूस इथे भाकरी खातो, झोपही लागत असेल. मला हे का जमलं नाही?

पाट मांडले. चांगुणाबाईने मला फोटोच्या शेजारी बसवलं, मानाच्या जागी. पॉल माझ्या समोर. भाकरी वाढता वाढता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "येक इचारू का सायेब? माजा रोहिदास तुमचे कंपनीन का नवता ओ?"

तिला उत्तर नको होतं. नशिबाला विचारतात तसं तिने विचारलं होतं. पॉल खाली बघत होता. ऋजुताचा रेकॉर्डर पाटाजवळ चालू होता. मी घास मोडला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही. नाळेतून अल्फा गेली असती तर रोहिदास त्याच्याच कंपनीत राहूनही परत आला असता. त्याला माझ्या कंपनीत असायची काही गरज नव्हती.

मी डाव्या हाताने पिशवी ओढली, डायरी काढली आणि सतरा जूनचं पान उघडून ऋजुतासमोर ठेवलं.

"हे पान मी तुला दिलं नव्हतं," मी म्हणालो.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. बोटांवर मोजताना मला दिसली. "तीस तास," ती स्वतःशीच पुटपुटली, आणि डायरी पॉलकडे सरकवली. पॉलने चष्मा लावला. चार-पाच ओळी वाचायला त्याला फार वेळ लागला. मग त्याने हातातला घास ताटात ठेवला, चष्मा काढला आणि तो माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो मनात अकरा घरी जाऊन येत होता.

"काय लिवलंय त्यान?" चांगुणाबाईने विचारलं.

 पॉल बोलेल असं मला वाटलं. काही नाही मावशी, जुनं काहीतरी आहे, असं म्हणून तो मला सोडवेल. त्याने तोंडही उघडलं. हा मोठेपणाही तोच घेऊन जाणार, असं वाटून मी घाईने बोललो.

"मी सांगतो, मावशी. वर जायची दुसरी वाट होती. सोपी. पोरं चढायला लागली, त्याच दिवशी सकाळी ती मला कळली होती. मी कुणाला सांगितली नाही. पॉलला माहीत नव्हतं. त्याची चूक नव्हती."

ती भाकरीचं टोपलं हातात घेऊन उभी होती.

"म्हंजे तवा रोहिदास जिता व्हता?"

"हो."

"खाली व्हता? तंबून?"

"हो. माझ्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर."

"मंग सांगलं का नाय?"

मी सव्वीस वर्षांत या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार केली होती. खात्री करायची होती, नकाशा नव्हता, सीओ ऐकणारे नव्हते. त्यातलं एकही त्या चुलीपाशी उभं राहण्यासारखं नव्हतं.

"दगडासाठी," मी म्हणालो. "जो आधी वर जाईल त्याला तिथला दगड मिळतो. तो मला हवा होता. पॉलला मिळू नये असं वाटत होतं."

चांगुणाबाई खाली बसली. टोपलं बाजूला ठेवलं. तिने मला शिवी दिली नाही, पानावरून उठवलं नाही. भिंतीवरच्या फोटोकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे वळली.

"केवरा व्हता दगड?"

मी ताटावरचे हात उचलले आणि दाखवला. वरवंट्याहून थोडा लहान. ती माझ्या दोन हातांमधल्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली, आणि मला हात खाली घेता येईनात.